गोमतात्यांची अर्धली

दोन हजार बावीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि नवरात्र संपल्या संपल्या आमच्या साडूंनी माझ्या कोंबडीची चौकशी लावली. आधार कार्ड तेवढं मागितलं नाही. बाकी कुठली, कुणाकडनं घेतली, याआधी अंड्यावर बसली होती का, पिल्लं काढली त्यातली जगली किती, सगळं विचारून झालं. मी उत्तरं देत होतो आणि कोंबडी खुराड्यातनं त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. कोंबडी कुणाकडंही एकाच डोळ्यानं बघते, दुसरा डोळा पलीकडच्या बाजूला असतो. पण साडूंना ते पटलं नाही. म्हणाले, "नजर बघा हिची. ह्यात गोम हाय."

नाव दत्तोबा. पण या वाक्यापायी सगळं वारजे गावठाण त्यांना गोमतात्या म्हणतं. तोंडावर नुसतं तात्या.

माझी मंडळी सुमन आणि त्यांची शेवंता या सख्ख्या बहिणी. एकाच गावात, एकाच आळीत दिल्या. त्यामुळं आम्ही साडू आणि शेजारी दोन्ही. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण एवढं सांगू शकतो की एका माणसाशी एकच नातं ठेवावं. दोन झाली की भांडणाला दोन दारं होतात. आमच्यात तर दारही नाही, मधे तारेची जाळी आहे. ती तात्यांनीच ठोकली. माझ्या कोंबड्या त्यांच्या अंगणातले किडे खातात म्हणे. किडे त्यांचे.

तात्या जन्मभर मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला होते. रोज स्वारगेटला बस बदलून जायचं, काट्यावर पोती चढवून घ्यायची आणि वजन ओरडून सांगायचं. पोत्यात वर कांदा आणि खाली माती, हे त्यांनी इतक्या वेळा बघितलं की पुढं पोतं असो, माणूस असो नाहीतर सरकार असो, वरनं बघून त्यांना काही पटेनासं झालं. हातात जे येईल ते दोनदा वरखाली करून वजन घ्यायची खोड लागली. माझ्या नातवाच्या बारशाला बाळ हातात दिलं, तर तेही वरखाली केलं आणि भरल्या घरात म्हणाले, "दवाखान्यात सांगितलं त्यापेक्षा कमी भरतंय." आमची सून तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही.

मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या तर "ह्यांना कुणी सांगितलं?" म्हणून फोन पिठाच्या डब्यात घालून ठेवला. समोरच्या सोसायटीतल्या एका पोरानं सकाळी फिरताना "काका, गुड मॉर्निंग" म्हटलं. तात्यांनी उत्तर दिलं, "जागा विकायची न्हाई." आमच्याकडं चहाला आले की आधी मला घोट घ्यायला लावतात. मी मेलो नाही हे बघून मग बशीत ओततात.

शेवंताक्का याच्या अगदी उलट. दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव. तिला कोंबड्यांचं वेड होतं, आणि त्यातही एका कोंबडीचं. उलट्या पिसांची. म्हणजे पिसं अंगाला चिकटून बसत नाहीत, टोकं वर वळलेली असतात. वादळातनं चालत आल्यासारखी दिसते. अक्का लग्न होऊन आली तेव्हा माहेरनं टोपलीत अशी एक घेऊन आली होती. तिची लेक, लेकीची लेक, असं करत तो वाण तिनं जन्मभर राखला. देवऋषाकडं उताऱ्याला असली कोंबडी फार चालते, म्हणून कुठनं कुठनं लोक मागायला यायचे. अक्का म्हणायची, "लेक आहे माझी, लिंबू न्हाई." आणि दार लावायची.

अक्का जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिच्या मागं घरात तात्या आणि ती उलटी कोंबडी, एवढीच दोघं. तात्या कोंबडीवरसुद्धा डाफरायचे, पण तिला दाणे टाकल्याशिवाय स्वतः जेवायचे नाहीत. आणि त्याच नवरात्रात ती कोंबडी गेली. पाण्याच्या टाकीमागं नुसती पिसं सापडली, वर वळलेली. मी स्वतः त्या सकाळी टाकीवरनं मुंगूस पळताना बघितलं होतं. तसं सांगितलंही. तात्या ऐकून घेत होते, मग आळीतल्या चारचौघांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "मुंगूस असंल. पण त्या दिवशी पाव्हण्यांच्या घरनं मसाल्याचा वास येत होता."

त्या दिवशी आमच्याकडं भरली वांगी होती. नवरात्रात कोण कोंबडी कापतं? पण मी खुलासा केला नाही. ज्यानं चाळीस वर्षं माझ्या घरचं मीठ खाल्लं, त्याला मी वांग्याचा हिशेब देऊ? मी बोलणंच सोडलं.

अशात माझी काळी कोंबडी खुडूक झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंडी घालता घालता कोंबडीला एक दिवस आई व्हायची हुक्की येते. मग ती अंडी घालायचं सोडते, खुराड्यात बसून राहते, अंग फुलवते, जवळ गेलं की कुर्रर्र करते आणि चोच मारते. खाली अंडं असलं काय, दगड असला काय, तिला फरक पडत नाही. घरात कुणी रुसून कोपऱ्यात बसलं तर आपण म्हणतो ना, खुडूक बसलाय, ते यावरनंच. पिल्लं नको असली तर खुडूक मोडायची एक जुनी रीत आहे. तिचंच पीस तिच्या नाकपुडीत अडकवायचं. चार दिवस ती पीस काढायच्या नादात राहते आणि आईपण विसरते. मी पीस हातात घेऊन बसलोच होतो, तेवढ्यात जाळीपलीकडनं आवाज आला.

"पाव्हणं, पीस टाका खाली."

मग ती चौकशी झाली. ती संपल्यावर तात्यांनी धोतराच्या सोग्यातनं तांदळाचा डबा काढला. तांदळात अंडी पुरून ठेवलेली. उलट्या कोंबडीची शेवटची अंडी. म्हणाले, अर्धलीनं बसवू.

अर्धली म्हणजे कोंबडी एकाची, अंडी दुसऱ्याची, पिल्लं निम्मी निम्मी. आमच्यात ही रीत बापजाद्यांपासूनची आहे. तिचा एक नियम आहे, की कोंबडी पिल्लं तोडते, म्हणजे त्यांना स्वतःपासून हाकलून द्यायला लागते, तेव्हा वाटणी करायची, आणि पहिला हात कोंबडीवाल्याचा. तीन आठवडे तिनं उपाशीतापाशी बसायचं, तर निवडीचा मान तिच्या धन्याचा.

मला संशय आला. जो माणूस स्वतःच्या काट्यावर दुसऱ्यांदा पोतं चढवायचा, तो माझ्या कोंबडीखाली अंडी ठेवतोय? मी म्हटलं, "तात्या, नियम म्हाईत आहे ना? उलट्या पिसांचं निघालं तर पहिला हात मी त्यावरच टाकणार."

तात्यांनी डबा छातीशी धरला. "निघंल तवा बघू."

"बघू नव्हे. माझ्यावर मसाल्याचं बालंट घेतलंत, त्याची भरपाई समजा."

त्यांनी डबा माझ्या हातात देण्याआधी दोनदा वरखाली केला, आणि दिला.

मी पाटीत भुसकट घातलं, अंड्यांवर कोळशानं फुली मारायला घेतली. ही फुली सगळेच मारतात, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं येऊन त्यात अंडं घातलं तर ओळखू येतं. तात्या म्हणाले, फुली कुणालाही मारता येते. घरात जाऊन शाईचं पॅड आणलं आणि एकेका अंड्यावर स्वतःचा अंगठा उठवला. आता बदलून दाखवा म्हणाले. परतीच्या पावसात वीज कडाडली तर अंडी बाद होतात म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, मी एक जुना खिळा ठेवला. त्यांनी तो काढून, हुंगून, परत ठेवला. पाटी ठेवायची जागा ठरवण्यात एक दुपार गेली. शेवटी जाळीला लागून, माझ्या बाजूला पण त्यांच्या नजरेसमोर, अशी ठरली.

काळी बसली. पसरून बसली, साऱ्या अंगठ्यांवर. दिवसातनं एकदाच उठायची, दाणे खायची, पाणी प्यायची, राखेत लोळायची आणि परत जाऊन बसायची. तेवढ्या वेळात तात्या जाळीला लागून तिच्याबरोबर इकडनं तिकडं चालायचे. एकदा ती जरा जास्त रेंगाळली तर मला हाक मारून म्हणाले, "हिचं मन लागत न्हाई. हिला दुसरीकडनं बोलावणं आलंय." मी विचारलं, कोंबडीला बोलावणं कुठनं येणार? ते म्हणाले, तेच तर शोधायचंय.

आठवड्यानं मी बॅटरीच्या उजेडात अंडी तपासली. ज्यात जीव धरलाय त्यात लाल शिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. काही अंडी कोरी निघाली, ती बाजूला काढली. तात्यांनी ती परत मागून घेतली, अंगठा जुळवून बघितला आणि मग टाकली. पुढं दिवस भरत आले तेव्हा मी कोमट पाण्यात अंडी सोडून दाखवली. आत पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यात आपोआप डुलतं. ती डुलायला लागली, तर म्हणाले, "तुम्ही पातेलं हलवताय." मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. अंडी डुलतच होती. तात्या बराच वेळ वाकून बघत राहिले. 

पण खरी गोम मला त्या दिवसांत त्यांच्याकडंच दिसायला लागली. दुपारी सुमन भजनी मंडळात जायची, आणि मी सावलीला आडवा व्हायचो. तर तात्या जाळीपाशी उकिडवे बसायचे, डोक्यावरनं पोतं ओढून घ्यायचे आणि पाटीच्या दिशेनं काहीतरी पुटपुटायचे. माझा डावा कान कामाचा नाही, हे मी कुणाला सांगत नाही. त्यामुळं शब्द कळायचे नाहीत, नुसतं गुणगुणल्यासारखं यायचं. मी उठून बसलो की पोतं बाजूला, आणि आभाळाकडं बघत, "ऊन हाय," असं म्हणायचे. ऊन असतंच की दुपारी. माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. याच माणसाच्या दारात देवऋषाकडची माणसं येऊन गेलेली. हा माझ्या कोंबडीवर काही करणी तर करत नाही? मी खिळ्याच्या जोडीला पाटीत एक बिब्बा ठेवला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, बिब्बा कशाला? मी म्हटलं, असाच. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि दोघांनाही पटलं की समोरचा लबाड आहे.

पिल्लं निघाली. सकाळी पाटीतनं चिवचिव आली, काळीच्या पिसांतनं एक डोकं वर आलं, मग दुसरं. तात्या जाळीच्या एवढे जवळ उभे होते की कपाळावर तारेचे चौकोन उठले होते. फुटलेली कवचं मी टाकून द्यायला निघालो, तर ती त्यांनी मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही.

उलट्या पिसांचं पिल्लू जन्मतः ओळखू येत नाही. सुरुवातीला सगळी सारखीच, कापसाची. पंख फुटायला लागले की कळतं. तोवर आमची दोघांची दृष्टी पंखांवर. काळी पिल्लांना घेऊन उकिरडा उकरायची, घार दिसली की एक वेगळाच सूर काढायची आणि सगळी धावत तिच्या पोटाखाली जायची. तरी एक पिल्लू घारीनं नेलंच. तात्या दिवसभर आभाळाकडं बघत होते. मला वाटलं आता घारीच्या घरनंही मसाल्याचा वास येतो म्हणतील.

मग एका पिल्लाच्या पंखाची टोकं वर वळली. एकाच्याच. तांबूस तलंग, म्हणजे मादी. मी बघितलं आणि तात्यांकडं बघितलं. त्यांनी आधीच बघितलेलं होतं. चेहरा पोत्यासारखा कोरा ठेवून म्हणाले, "रोगट दिसतंय."

पुढचे दिवस हेच. चालताना लंगडतंय, खात नाही, जगायचं नाही, तुम्हांला कशाला ताप. मी म्हणायचो, असू दे, मला रोगटच आवडतं. दुपारचं पोतंही चालूच होतं. आता तर सगळी पिल्लं जाळीला जाऊन चिकटायची आणि तात्या तारेतनं कण्या टाकायचे. माझी पिल्लं फितवतोय, मी ओळखलं. मनाशी ठरवलं, रीत ती रीत. पहिला हात माझा.

संक्रांतीच्या मागंपुढं काळीनं पिल्लं तोडली. जवळ आलं की चोच मारायला लागली. वाटणीला आळीतलं कुणी बोलावलं नाही, आम्ही दोघंच, आणि दारात सुमन. मी पिल्लं डालग्याखाली झाकली होती. हात घातला आणि उलट्या पिसांची तलंग बाहेर काढली. तिच्या अंगाखाली हाताला ऊब लागत होती. मी वाट बघत होतो, तात्या आता गोम काढतील, भांडतील, कोंबडीला आधी कुणाचे दाणे घातले ते काढतील. माझी उत्तरं तयार होती.

तात्यांनी वाट्याची पिल्लं पाटीत घेतली. पाटी वरखालीसुद्धा केली नाही. गेले.

सुमन म्हणाली, "झालं समाधान?" आणि आत गेली. मी म्हटलं, नियमच तसा आहे. ऐकायला कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो. सुमन आत भाकरी थापत होती. दिवस मावळतीला आला, पिल्लं खुराड्यात घ्यायची वेळ. आणि जाळीपलीकडनं हाक आली. या वेळी पोतं नव्हतं, लपूनछपून नव्हतं. नवी पिल्लं अंगणभर पांगलेली, त्यांना आत घ्यायला मोठ्यानं हाक मारावीच लागते. माझ्या बहिऱ्या कानालाही ऐकू आली. बारीक, वर चढवलेली, शेवटी हेलकावा दिलेली. "येऽ गं बायो, येऽ ये ये ये, बायोऽ."

आतली भाकरी थापायची थांबली. सुमन पिठाच्या हातांनी दारात आली.

"अक्का?"

जाळीपलीकडं म्हातारा उभा होता. पिकलेल्या मिशा, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि त्या गळ्यातनं शेवंताक्काचा आवाज. तिची हाक, तिचा हेल, शेवटचा "बायोऽ" सुद्धा तसाच. त्यांची पिल्लं चहूकडनं धावत आली. आणि माझ्याकडची उलटी तलंगही उठली, जाळीला जाऊन धडकली, तारेत मान घालायला लागली. ही हाक तिला कवचात होती तेव्हापासून ठाऊक होती. पोत्याखाली जे चाललं होतं ते हे होतं. करणी नव्हती, फितवणं नव्हतं. पिल्लांनी त्याच्या नव्हे, तिच्या आवाजाला यावं म्हणून एक तोलणार रोज दुपारी बायकोची हाक घोटत बसला होता.

तात्यांनी आम्हांला बघितलं. हाक अर्ध्यावर राहिली. खोकल्यासारखं केलं, "थंडी हाय," म्हणाले, आणि पिल्लांमागनं आत गेले. सुमनच्या हातावरचं पीठ वाळून गेलं तरी ती तिथंच उभी होती. तलंग अंधार पडेपर्यंत तारेत मान घालत होती.

आता अडचण अशी, की या माणसाला काही द्यायचं कसं? मी पिल्लू नेऊन हातात ठेवलं असतं, तर त्यांनी आधी ते हुंगलं असतं, मग मला हुंगलं असतं. फुकट दिलेल्या वस्तूत त्यांना नेहमी दोन गोमा दिसतात. आणि खरं सांगायचं तर माझ्याही हातनं ते झालं नसतं. मसाल्याचं बालंट माझ्यावर अजून तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी पक्कड घेतली आणि जाळीचा खालचा कोपरा कातरला. चांगलं वीतभर भगदाड पाडलं. खुराडं उघडलं. उलटी तलंग बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं आणि भगदाडातनं पलीकडं गेली. मी शंभर आकडे मोजले असते, पण धीर निघाला नाही. ओरडलो, "तात्या, माझं पिल्लू चोरलंत."

तात्या बाहेर आले. तलंग त्यांच्या पायात घोटाळत होती. त्यांनी ती उचलली, दोनदा वरखाली केली. मग आत गेले आणि कागदात गुंडाळलेलं एक अर्धं कवच घेऊन आले. जाळीपाशी धरून दाखवलं. त्याच्यावर निळा अंगठा.

"पुरावा हाय. माल आमचा."

"असंल. राहू द्या तिकडंच. पण मी लक्षात ठेवीन."

"ठेवा."

मग त्यांची नजर भगदाडावर गेली. तिथनं हळूहळू वर, माझ्या हातातल्या पकडीवर. पक्कड लपवायची मला अक्कल सुचली नव्हती.

"जाळी कुणी तोडली?"

"मुंगूस," मी म्हटलं.

तात्यांनी तोंड उघडलं. मी ते गोमेचं वाक्य ऐकायला तयार होतो, चाळीस वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. तात्यांनी तोंड परत मिटलं. अंगठ्यानं तलंगेचं एक वळलेलं पीस सरळ करत होते, ते परत वर वळत होतं.

"मुंगूसच असंल," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडं न बघता, "तवाबी मुंगूसच असंल."

मी पक्कड खिशात घातली, घरात गेलो आणि सुमनला म्हटलं, आज भरली वांगी कर. मसाला नीट भाजून घाल, वास पलीकडं गेला तर जाऊ दे. आणि दोन भाकरी जास्त टाक.